तारेची सवय

गाबेस, १२ मार्च

प्रिय सुंदूस,

मामाचा आशीर्वाद. तुझी आई बरी आहे. डाळिंबांना पालवी आली, पण धुराने पानांच्या कडा यंदाही जळाल्यात. तू ट्यूनिसला गेल्यापासून तिने माझ्या घरी चहा घेतलेला नाही.

कारखान्याचं सांगतो. धूर धुण्याच्या मनोऱ्यात तू पाणी फवारणाऱ्या, बारीक भोकांच्या नव्या तोट्या बसवल्यास, तेव्हा महिनाभर गंधकाचा वास गेला होता. मग परत आला. मला पहिल्यापासूनच संशय होता. माल हलका असणार, दुकानदाराने पोरीला गंडवलं असणार. कधी वाटे, हिनेच हात ओले करून घेतले असतील. हो, तुझ्याबद्दलही वाटलं. पंप चालवणाऱ्या हेदीवर मी आठवडाभर पाळत ठेवली. तो नमाजाला गेला तरी मी घड्याळ बघायचो.

गुरुवारी मनोरा बंद होता. आत चढून मी एक तोटी काढली, तर भोकात माझी करंगळी शिरली. खोक्यातल्या कोऱ्या तोटीत काडेपेटीची काडीही जाईना.

तोट्या साफ करणाऱ्या बशीरला विचारलं, "हे भोक कुणी मोठं केलं रे?"

तो हसला. खिशातून तार काढून म्हणाला, "उस्ताद, चेष्टा करता का गरिबाची? तुम्हीच नाही का शिकवलंत? चुना अडकला की तार घाला आणि गरागरा फिरवा!"

सगळ्यांच्या खिशात तार निघाली. हेदीच्याही.

जुन्या पितळी तोट्यांना ते चालायचं, या नव्यांची भोकं तारेने मोठी होतात. तू सांगितलं होतंस, तार लावू नका, व्हिनेगरमध्ये भिजवा. थेंब बारीक असतील तरच धूर धुतला जातो, मोठे थेंब नुसते खाली पडतात. तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "व्हिनेगर सॅलडवर घाल, बाई." सगळे हसले होते. तू हसली नव्हतीस.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. तुला कामावरून बाजूला केलं ते, तू पैसे खाऊन हलका माल घेतलास असं सांगणाऱ्या एका निनावी अर्जामुळे. तो अर्ज मी लिहिला. पोरी, मला फार लाज वाटते.

सोमवारी तुझ्या चौकशीत मी दोन्ही तोट्या टेबलावर ठेवणार आहे. सगळं लिहूनही देणार, आणि या वेळी खाली सही करणार.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझा मामा,
लमजद