वाढत्या अंगाची खार

४ फेब्रुवारी, दुपार

टिचकी खार होणार! शाळेच्या कार्यक्रमात जंगलाचं नाटक बसवताहेत, त्यात माझी नात खार. बाकीच्या पोरी झाडं नि ढग. झाडाला काय, उभं राहिलं की झालं. खारीला अंगात काहीतरी असावं लागतं. टिचकीच्या आहे, कारण ती माझ्यावर गेली आहे. सूनबाई म्हणते, नाही, माझ्या आईवर गेली. म्हणू दे बापडी.

ड्रेस मी शिवणार, असं जेवताना जाहीर केलं. कुणी काही बोललं नाही. आनंदानं माणसाची वाचा जाते ती अशी. ह्यांनी तेवढं विचारलं, नक्की का? ह्यांचा सगळा जन्म नक्की का, नक्की का करण्यात गेला.

संकल्प: आजपासून दुपारची झोप बंद. जेवलं की मशीनवर.

५ फेब्रुवारी

जेवून जरा पाठ टेकली. उठले तो चहाची वेळ. ती काही झोप नव्हे. डोळे मिटून खारीचा विचार करत होते.

७ फेब्रुवारी

कापडाचं ठरलं. माळ्यावर हॉलचे जुने तपकिरी पडदे आहेत. सूनबाई म्हणाली, आई, बाजारात छान मऊ कापड मिळतं खारीच्या रंगाचं, मी येताना आणते. बाजारातलं कापड! फुंकर मारली तर शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाईल. हे पडदे असे आहेत की भर दुपारी ओढले तर दिवा लावावा लागायचा. त्याला म्हणतात कापड.

एका पडद्यात अंग, दुसऱ्यात शेपूट. मध्ये कापूस, आतून अस्तर, वरून गोधडीसारखा धावदोरा. पोर स्टेजवर कुडकुडायला नको. सूनबाई म्हणाली, त्या हॉलमध्ये फार उकडतं हो. मी म्हटलं, मग कुडकुडणार नाहीच, बघ.

८ फेब्रुवारी

गोधडीवरून आठवलं. टिचकीच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या गोट्याला, तो झाला तेव्हा मी एक गोधडी शिवली होती. चार थरांची. गोट्यावर घातली की गोट्या दिसायचा नाही, इतकी भरगच्च. हलायचंसुद्धा नाही पोर, शांत पडून राहायचं. सूनबाईनं ती दोनच दिवस वापरली आणि म्हणाली, आई, इतकी चांगली आहे, जपून ठेवते. आज मला ती सापडली. वॉशिंग मशीनच्या खाली. मशीन फिरताना चालत चालत दारापर्यंत येतं ना, ते थांबावं म्हणून. इतकं महागाचं मशीन, त्याखाली काय हलकीसलकी वस्तू ठेवणार? पोरीला किंमत कळते. तोंडानं बोलत नाही एवढंच.

विहीणबाईंनी आणलेली ती दुकानातली ससेवाली रजई मात्र रोज गोट्याच्या अंगावर. मशीनखाली घालायची तिची लायकीच नाही.

१० फेब्रुवारी

मापं घ्यायला बसले. टिचकी एका जागी उभी राहील तर शपथ. हात धरला की पाय जातो, पाय धरला की डोकं. टेप मी वापरत नाही. टेप ज्यांना नजर नाही त्यांच्यासाठी. चौथीत शाळा सुटली माझी, पण वीत घरचीच आहे, ती काही शाळेत ठेवून आले नाही.

शेवटी एक युक्ती सुचली. पोर माझ्यावर गेली आहे, अंगकाठी माझीच. मग आरशासमोर पडदा स्वतःलाच लावून बघितला आणि खडूनं खूण केली. त्यातून अंदाजानं थोडं कमी. मग कापड आटतं, म्हणून थोडं जास्त. कापूस भरला की अंगात आवळतं, म्हणून आणखी थोडं. आणि पोराचं अंग वाढतं आहे, म्हणून भरपूर. आमच्याकडे कुठलाही कपडा वाढत्या अंगाचाच शिवतात. मुलाच्या शाळेच्या पहिल्या चड्डीत तो पाचवीपर्यंत गेला. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या पोरांना दरवर्षी नवीन चड्डी लागायची.

हे म्हणाले, पडदे इतकी वर्षं धुतलेत, ते आता कुठले आटणार. ह्यांना कापडातलं काय कळतं?

१३ फेब्रुवारी

कापूस भरायला घेतला. घरभर कापूस. ह्यांच्या चहात कापूस. ह्यांनी तक्रार केली. मी म्हटलं, बोटानं काढा आणि प्या, जगात लोकांना काय काय सोसावं लागतं.

१५ फेब्रुवारी, सकाळ

शेपटीवर मशीन अडलं. सुई मोडली. दुसरी मोडली. मशीन जुनं झालं, दुसरं काय. समोरच्या टेलरकडे शेपूट घेऊन गेले, म्हटलं तुझ्या मोठ्या मशीनवर एवढी टीप मारून दे. मेल्यानं शेपूट उचललं, पाठीमागून बघितलं, पुढून बघितलं आणि म्हणाला, काकू, सोफ्याचं काम मी करत नाही. मी म्हटलं, खारीचं शेपूट आहे ते. तो म्हणाला, खार केवढी आहे? मी म्हटलं, पाच वर्षांची. मग त्यानं पाणी दिलं मला. बसा म्हणाला, उन्हातून आलात.

असले टेलर! दुसऱ्याचं काम बघितलं की पोटात दुखतं. हातानं शिवलं. दाभण वापरला.

१७ फेब्रुवारी

विहीणबाई आल्या होत्या. बाई मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर होत्या, अजून खुर्चीवर बसल्यासारख्याच चालतात. खार बघून म्हणाल्या, वा, बरंच केलंत हो. बरंच! म्हणजे काय? मग पर्समधून टेप काढली. पर्समध्ये टेप! माणसानं पर्समध्ये रुमाल ठेवावा, डोकेदुखीची गोळी ठेवावी. म्हणाल्या, टिचकी, ये गं बाळा, आणि ती कार्टी सरळ काठीसारखी उभी राहिली. हात वर, हात खाली. मापं सगळी फोनमध्ये लिहून घेतली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, असू देत, कधी लागतात.

बिस्किटाची लाच दिली असणार. मी नंतर टिचकीला विचारलं, तू आजीपुढे अशी का गं उभी राहात नाहीस? तर म्हणाली, तू गुदगुल्या करतेस. विती लागतात तिला. नाजूक आहे पोर.

काळजी नाही. विहीणबाई शिवणार थोड्याच? त्यांना सुईच्या कुठल्या बाजूनं दोरा जातो तेही ठाऊक नाही.

२० फेब्रुवारी

शिवत नाहीत. मागवलं! दुकानातली खार, डब्यातून घरी आली. सूनबाईनं ती माझ्यापासून कपाटात लपवली होती, पण मी त्याच कपाटात इलॅस्टिक शोधत होते. हातात घेऊन बघितली. कापूस नाही, अस्तर नाही, धावदोरा नाही. अंगाला चिकटेल अशी. वाढायला जागा म्हणून नाही. पोर एक घास जास्त जेवली तर खार फाटेल. आणि शेपटीत तार! टिचकीला टोचली तर?

जशी होती तशी घडी घालून ठेवली. मी काही कुणाचं वाईट करणाऱ्यातली नव्हे. घडी जरा उलटीसुलटी झाली असेल.

रात्री सूनबाईला सरळ विचारलं, कुठली घालणार? ती म्हणाली, टिचकीलाच ठरवू दे ना आई. चालेल. पोर माझी आहे. माझ्याच मांडीवर बसून दूध पिते, माझ्याच कुशीत झोपते, आणि खार काय त्यांची घालणार?

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

पहिली ट्रायल. सगळे हॉलमध्ये जमले.

टिचकीला खारीत घातलं. पाठीवर कोटाची मोठी बटणं लावली आहेत, गोधडीच्या दोऱ्यानं, पोरं समोरची बटणं काढतात म्हणून. हाताचे पंजे बंद केले आहेत, नखं दिसायला नकोत. खार उभी राहिली. खरंच अप्रतिम. सूनबाईनं तोंडावर हात धरला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खांदे हलत होते. गहिवरली.

मग टिचकी आत खाली बसली. खार उभीच.

थोड्या वेळानं पोटातून आवाज आला, आजी, दार कुठे आहे?

पाच वर्षांचं पोर, आणि डोकं किती शांत. दुसरं असतं तर रडलं असतं. हे म्हणाले, अगं, ह्यात भाड्यानं एखादं कुटुंब राहील. मी म्हटलं, कमरेला नाडी घालते, की सगळं जागेवर येईल.

२४ फेब्रुवारी

नाडी घातली. आता टिचकी नाडीच्या खाली राहते.

२५ फेब्रुवारी

नाडी काढली. टिचकीला दोन वेळा दूध सुरू केलं आहे. दोन दिवसांत पोरं किती भरतात, लोकांना कल्पना नसते.

२७ फेब्रुवारी, कार्यक्रमावरून आल्यावर

सविस्तर लिहिते, कारण ह्या घरात खरं काय घडलं ते दुसरं कुणी सांगणार नाही.

सकाळी सूनबाईनं दोन्ही खारी पलंगावर ठेवल्या आणि टिचकीला म्हटलं, घे तुला हवी ती. माझी खार पलंगावर मावेना, ती अर्धी खाली. टिचकीनं दोन्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आजी, तुझी खूप छान आहे, पण मला उडी मारायची आहे. आणि ती दुसरी उचलली. मी म्हटलं, मार हो बाळा, उडी मार. दुसरं काय म्हणणार. आत जाऊन गॅसकडे बघून आले, उगीच.

माझी खार बरोबर नेलीच मी. आयत्या वेळी तारेची फाटली तर? शाळेच्या बाईंनी मिठीत भरून घेतली ती, म्हणाल्या, आजी, देवासारख्या आलात, आमचा पुठ्ठ्याचा डोंगर सकाळी मोडला.

दोन खुर्च्यांवर घातली. डोंगर झाला. एका बाजूनं शेपूट बाहेर राहिलं, पण त्यावर एक ढग उभा केला. टिचकी आली, एका दमात डोंगरावर चढली आणि वरून उडी मारली. काय उडी! सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. माझे तर हात दुखले.

आता नीट विचार करा. विहीणबाईंची खार आली नि गेली. माझं शिवण पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंत स्टेजच्या मधोमध. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, डोंगर किती खरा वाटतो नाही. मी मागे वळून सांगितलं, मी शिवलाय. ती बाई म्हणाली, डोंगर? आणि बॅग उचलून पलीकडच्या खुर्चीवर गेली.

विहीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी ऐकलं. पर्स उघडली नि बंद केली. बोलायला तोंड होतं कुठे?

३ मार्च

शाळेनं खार परत पाठवली. दिवसभर हॉलमध्ये पडून होती. टिचकी येता-जाता तिच्यावर उडी मारत होती. मग जरा वेळानं तेही थांबलं.

संध्याकाळी हे टिचकी आणि गोट्याला घेऊन बागेत निघाले होते. म्हटलं, जरा थांबा. चढाचढीत कुठे टीप उसवली का बघायची, आणि ती अंगात घातल्याशिवाय दिसत नाही. ह्यांच्याकडून पाठीची बटणं लावून घेतली. ह्यांनी लावली, नक्की का म्हणून विचारलंसुद्धा नाही, आणि गेले.

आरशासमोर उभी राहिले. खांद्याला बसली. पोटाला बसली. बाह्या मनगटाशी, पाय घोट्याशी, टोपी कपाळावर बरोबर. ना सैल, ना तंग. आजवर माझ्या अंगाला इतका मापात कपडा बसला नव्हता. कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली बसले. खारसुद्धा बसली.

मग उकडायला लागलं. पंजे बंद, बटणं पाठीवर. घरात कुणी नाही. फोन टेबलावर, पण पंजानं फोन लागत नाही. दाराच्या कोपऱ्यावर पाठ घासून बघितली. बेल वाजली. म्हटलं हे आले. दोन्ही पंजांनी कडी काढली.

विहीणबाई. कार्यक्रमाचे फोटो द्यायला.

हसल्या असत्या तर मी ऐकवलं असतं, तयार होतं तोंडात. हसल्या नाहीत. पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, वळा. वळले. पहिल्या बटणाशी बराच वेळ खटपट केली. मग म्हणाल्या, फार पक्की लावलीत हो. मी म्हटलं, आमच्याकडे तशीच लावतात. दुसऱ्याशी खटपट केली. तेही नाही.

मग विचारलं, कात्री कुठे असते तुमची?

मशीनच्या खणात, मी म्हटलं. उजवीकडच्या.