डावा वेगळा, उजवा वेगळा

ता. ४ जानेवारी

चि. ठिणगी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू शिवलेला नमुन्याचा बूट पोचला. तुझी काकू म्हणाली, पुतणीनं प्रेमानं पाठवलाय, आधी कौतुक तरी करा. मी आधी तळ वाकवून पाहिला. टाचेपाशी एक टाका बाकीच्यांपेक्षा लांब आहे. बाकी काम असं, की कुणाच्या हाताखाली न शिकता जन्मभर बुटांचे लाकडी साचे घडवलेल्या माणसानं बघत राहावं. झालं, केलं कौतुक.

तुझ्या नव्या दुकानावर लावलीस म्हणून लिहिलंस, त्या पाटीचं मात्र हसू आलं. 'दोन पायांची मापं वेगळी असली तरी किंमत एकाच जोडाची.' हे तू नववीत असताना अंगणात उभी राहून जाहीर केलं होतंस. तुझ्या बाकावरच्या मुलीचा एक पाय आजारपणात लहान राहिला होता, आणि तिची आई दर वेळी दोन जोड घेऊन त्यातले दोन बूट फेकायची. मला वाटलं, वयाचा ताप आहे, उतरेल. उतरला नाही म्हणायचा. जप.

तुझा काका

ता. २२ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

तुम्ही परत धाडलेल्या बुटाचा टाका उसवून पुन्हा घातला. बूट सोबत आहे, आता तुमची पट्टी लावून बघा.

पाटी वाचून लोक येतात. परवा एक पोस्टमन आला, डावा सात नंबरचा, उजवा सहाचा. बूट घालून कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला, नुसतं चालून दाखवायला. पण त्याच्यासाठी दोन जोड फोडले, त्यातले दोन बूट मागे राहिले. असे एकटे बूट फळीभर साठलेत. माझी भागीदार चष्मेवाली त्या फळीला अनाथाश्रम म्हणते. आधी हसून म्हणायची, आता हसत नाही. तिनं स्पष्ट सांगितलंय, उन्हाळा संपेपर्यंत फळी रिकामी झाली नाही तर पाटी उतरवायची, नाहीतर ती चालली. तिचं चुकतं असंही नाही. तिच्याशिवाय दुकान चालणार नाही, आणि पाटीशिवाय चालवून मी काय करू? मन न राखता सांगा.

काकूंना नमस्कार.

तुमची ठिणगी

ता. २ मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

मन न राखता सांगतो, पाटी उतरव. वर्षभर. आधी पाय रोव, मग हवं ते कर. काकू म्हणते हे पत्र टाकू नका, पोरीचं तोंड उतरेल. तरी टाकतोय.

काका

ता. १९ एप्रिल

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही. आता रागवायचं असेल तेवढं रागवा.

तुमचं पत्र घेऊन मी त्या फळीसमोरच बसले होते. समोर एकटा सात, शेजारी एकटा सहा, मग यांचाच जोड का लागू नये? नीट पाहिलं, तर एक तपकिरी आणि दुसरा जरा जास्त तपकिरी. दोन वेगळ्या वेळी कालवलेल्या घाण्यांचा रंग. म्हटलं, काकांना एक टाका लांब दिसतो, तर मला एक छटा का दिसू नये? आता रंग तोलून कालवते, आणि दर कातडं खिडकीत नेऊन एकाच मूळ तुकड्याशी ताडून बघते. जुळलं नाही तर परत रंगवायचं. डावे बूट डाव्या भिंतीला, उजवे उजव्या. जोड गिऱ्हाइकासमोरच लावायचा, आणि जो बूट संपेल तेवढाच नवा शिवायचा. जुने एकटे बूटही पुन्हा रंगवून त्यांतच मिसळले. चष्मेवालीनं स्वतःच्या हातानं फळी पुसली, आणि आता पाटी मोठ्या अक्षरांत लिहून घ्या म्हणते.

लोभाचं माप कमी करू नका.

ठिणगी

ता. २७ एप्रिल

चि. ठिणगीस आशीर्वाद.

रागवायला बसलो होतो, जमलं नाही. तुझं पत्र काकूला दोनदा वाचून दाखवलं, शेजारच्या शिंप्याला एकदा. रंग ताडायचं कुणी शिकवलं म्हणून त्यानं विचारलं. म्हटलं, कुणी नाही, आमच्या घरात तसंच शिकतात. मी तुला ध्येय बाजूला ठेवायला सांगितलं, तू ते ठेवायला दोन भिंती शोधल्यास.

सोबत माझ्या दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून दोन कागद पाठवतो. एकावर एक ठेवून बघ. उजवं लहान आहे. जगासाठी साचे केले, पण स्वतःच्या उजव्या बुटात आजवर कापसाचा बोळा कोंबत आलो. कुणाला बोललो नाही. काकू म्हणाली, घरातला कापूस कुठे जातो ते आज कळलं.

काळा नको, तुझा तो तपकिरी. पैसे एका जोडाचे, पण पूर्ण घे. पुतणी म्हणून सूट दिलीस तर बूट परत येतील. आणि टाके मी तपासणारच.

तुझा गिऱ्हाईक काका