देव दोन बोटं खाली

ती. थोरले भाऊजी यांस साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत; घरातलं एकही दार नीट लागत नाही, तेवढं सोडलं तर. तुमचा गुडघा कसा आहे? (आम्ही बोलावलं की तो दुखतो, म्हणून जपूनच विचारते. फोनवर तुम्हाला नेमका आमचाच आवाज येत नाही, म्हणून हे पत्र.)

पत्रास कारण फरशी. हे घर धाकट्या भावाच्या आणि सासूबाईंच्या स्वाधीन करून तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. स्लॅबवरच्या त्या काळपट अ‍ॅस्बेस्टॉसच्या फरश्या तेव्हाच म्हाताऱ्या होत्या. यंदा त्यांचे कोपरे उठू लागले. फरशीवाला आला, नखाने टोकरायला गेला आणि विंचू चावल्यासारखा हात मागे घेऊन म्हणाला, "ताई, ही उकरायची नाही, घासायची नाही, फोडायची तर मुळीच नाही. हिची धूळ छातीत जाऊन बसते, ती उठत नाही." (मला काही पाहुणे आठवले. नावं लिहीत नाही.) तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जुनीवरच एक थर देऊन नवी सिरॅमिक टाइल बसवायची ठरली. त्याने जमीन दोन बोटं वर येणार, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. (मॅट्रिकपर्यंत मलाही गणित होतं, पण जाडी पुरुषांनी मोजायची असं ठरलं होतं.) दारं अडली. सुताराने ती खालून कापली. न्हाणीघराचं जरा जास्तच कापलं. आत कोण आहे ते आता पावलांवरून कळतं.

राहिला देव्हारा. जाताना तुम्ही बजावलं होतंत, हा मी मांडलाय, माझ्या हाताशिवाय हलवाल तर घराला सोसणार नाही. सासूबाईंनी ते दोन वर्षांपूर्वी डोळे मिटेपर्यंत पाळलं, मीही पाळलं. तुम्हाला तीनदा कळवलं. एकदा गुडघा, एकदा मुहूर्त नाही, मग पुन्हा गुडघा. फरशीवाला किती थांबणार? देव्हाऱ्याच्या भोवतीने टाइल लावून तो मोकळा झाला. आता सगळं घर वर आणि देव दोन बोटं खाली. पुसायला घेतलं की पाणी तिकडेच धावतं. शेजारीण विचारते, "वहिनी, देव होडीत बसवणार का?" आणि पाणी मुरलं तर जुनी फरशी सुटणार, जुनीबरोबर नवीही सुटणार, असं फरशीवाला सांगून गेलाय. मी रोज फडक्याने पाणी टिपते, देवाची क्षमा मागते आणि तुमची वाट बघते. (क्रम हाच आहे.)

तरी गुडघ्याला तेल लावून येत्या रविवारी या. जाऊबाईंना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. आज पाणी देवांच्या पायाशी आलं, तेव्हा मी हात जोडले आणि देव्हारा स्वतःच हलवला. घराला सोसलं. खाली चार फरश्या फुटून चुरा झालेला, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर देव. यांना विचारलं, तर हे नव्या टाइलकडे बघत म्हणाले, "दादाने कपाट ओढताना फुटल्या. आई ओरडेल म्हणून तो म्हणाला, वर देव ठेवू, कोण उचलून बघतंय." चौदा वर्षं मी तिथे कपाळ टेकलं. सासूबाई तर तासतासभर बसायच्या. त्यांच्या खोकल्याला आपण म्हातारपण म्हणत होतो. मी डॉक्टर नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

ता. क. दुसरा. फरशीवाल्याने तोंडाला फडकं बांधून चुरा ओला केला, भरून नेला आणि तिथेही टाइल बसवली. देव वर आले. तेव्हा हलवाहलवीसाठी आता येऊ नका. फक्त एकदा सासूबाईंच्या फोटोपुढे उभं राहून सांगून जा की कपाट तुम्ही ओढलंत. हा निरोप खरं तर हेच देणार होते, पण सकाळपासून यांचाही गुडघा दुखतो आहे.