तळ्याच्या बांधावर उलटं स्टेरिंग

बेंगळूर, फेब्रुवारी १९६२

चिरंजीव हंबीरराव यास सोयराक्काचे बेंगळुराहून पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे जिवंत आहोत. (एरवी सवयीनं सांगते, या खेपेला मोजून सांगते आहे.) तुझा गुडघा वाकतो का, संडूरची थंडी ओसरली का आणि माझी भावजय अजून तुझं ऐकून घेते का, ते कळव. पत्र सून अलका लिहून घेते आहे. नवऱ्याचं नाव कागदावर उतरवताना तिचा हात अडतो, म्हणून एकदाच सक्तीनं लिहायला लावते: पिराजी. (उतरलं. कान लाल झालेत.) यापुढे तो 'तुझा भाचा'.

तर तुझ्या भाच्याची ती जुनी पिकअप, लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली. लग्नाची पातेली भाड्यानं देतो, तीतून पोचवतो, त्यावर आमची चूल आहे. गाडी दणकट, पण स्टेरिंग असं जड की वळण आलं की माणूस उठून उभा राहायचा. त्याचा खांदा तालमीत निखळलेला, तो मागच्या पावसाळ्यात वळण घेता घेता परत निखळला. डॉक्टर म्हणाले, एक तर खांदा ठेवा, नाही तर गाडी. गाडी गेली तर खायचं काय? म्हणून यानं दोन्ही ठेवायचं ठरवलं. (हट्ट माहेरचा आहे, मी नाकारत नाही.)

यशवंतपूरच्या भंगारातून एका छोट्या मोटारीचं हलकं स्टेरिंग आणलं. म्हणजे एक आडवा दातेरी दांडा आणि त्यावर फिरणारं बारकं दातेरी चाक. चाक फिरलं की दांडा सरकतो आणि गाडी वळते. हयवदन मेस्त्रीनं आमचं अंगण तेलानं सारवून ते बसवलं. त्या मोटारीत दांडा पुढच्या आसाच्या मागे होता. आमच्यात तिथे इंजिनाचं पोट आडवं आलं, म्हणून मेस्त्रीनं आसाच्या पुढे बसवला. एका बोटानं फिरेल इतकं हलकं झालं! फक्त उजवीकडे फिरवलं की गाडी डावीकडे जायला लागली.

दांडा उपडा करून बसवला की सुधारेल, असं हयवदन म्हणाला. पण होसकोट्याच्या लग्नाला पातेली त्याच दिवशी हवी होती. "आज स्वल्प अड्जस्ट करा अण्णा," म्हणाला, आणि अण्णांनी केलं! मला लग्नाचं आवतण होतं, मीही डावीकडे बसले.

सरळ रस्त्यावर बरं चाललं. तुझा भाचा ओठातल्या ओठात 'उलटं, उलटं' जपत होता, मी देवाचं नाव घेत होते. मग तळ्याचा बांध लागला. डावीकडे पाणी, उजवीकडे खोल शेतं, मधे जेमतेम गाडीपुरती वाट. आणि पाण्यातून एक म्हैस वर आली. हिला चुकवायला त्याचे हात सवयीनं उजवीकडे गेले आणि गाडी निघाली तळ्यात. म्हैस बाजूला झाली (तिला कुणी गाडी शिकवली नव्हती). ब्रेक लागला तेव्हा माझ्या बाजूचं चाक काठावर होतं आणि खालची माती सुटत होती. ढेकळं पाण्यात पडलेली मला ऐकू येत होती. मागे पातेली सरकली, तशी गाडी आणखी कलली. माझं दार उघडलं तर खाली पाणी, आणि तो उठला तर ब्रेक सुटणार.

शेतातली माणसं धावली. विहिरीचा दोर मागे बांधून धरून राहिली आणि ओरडायला लागली, बलक्के, बलक्के, म्हणजे उजवीकडे. तुझा भाचा ब्रेक जरा सोडायचा, उजवीकडे फिरवायचा, चाक आणखी काठाकडे. एक बसचा ड्रायव्हर आला, त्यानं खिडकीतून हात घालून फिरवलं, तेही उजवीकडेच. ज्याला ज्याला गाडी येत होती, त्याचा त्याचा हात चुकत होता. तुझा भाचा माझ्याकडे वळला. "आई, तू माझ्यावरून पलीकडे जा," म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यावरून काय जाते? हात मांडीखाली घाल." त्यानं घातले. मी स्टेरिंगचं चाक वरून धरलं आणि आपलं माझ्याकडे ओढलं. आणि हंबीर, गाडी पाण्याला पाठ करून वळली रे! निधान अज्जी, निधान, म्हणजे सावकाश, असा गलका झाला. मी निधानच होते, देवाचं नाव तेवढं घाईनं घेत होते. पायाचं काम त्याचं, हाताचं माझं, असं करत आम्ही होसकोट्याला पोचलो. वरण वेळेवर चढलं.

भावजयीला सांग, लोणचं मिळालं, मीठ कमी होतं.

तुझी थोरली अक्का सोयराबाई (अंगठा)

ता. क. हयवदन उद्या दांडा उपडा करायला येतो म्हणतो, मी त्याला ताक पाजून परत पाठवते आहे. तुझा भाचा तुझ्या पंचांगाबाहेर पाऊल टाकत नाही. तेव्हा ताबडतोब लिही, की वैशाख संपेपर्यंत वाहनाला हत्यार लावायला एकही दिवस बरा नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी चूल, नळ आणि देऊळ एवढंच बेंगळूर पाहिलं. या पंधरवड्यात मागडी पाहिलं, आनेकल पाहिलं. माझ्याशिवाय गाडी हलत नाही.

ता. क. दुसरा. वरचं लिहायला अलका तयार नव्हती, नवऱ्याच्या जिवाचं काय म्हणाली. मग आठवलं, तिलाही गाडी येत नाही. आता जाताना चाक माझं, येताना तिचं. सरी, म्हणजे बरं तर, पंचांगाचं आजच्या आज लिही.