गोड बोलणाऱ्या यंत्राचं मी ऐकलं नाही

ती. आक्कास,

काष्टीहून धाकट्या सूर्यभानचा नमस्कार पोचावा. तुझे गुडघे, तुझी शेरडं आणि दाजींचा राग, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो.

सुनबाई मोनिकानं माझ्या मोबाईलात एक बोलणारं यंत्र घालून दिलं. काही विचारा, मराठीत सांगतं. नवी चप्पल लागून करंगळीला फोड आला होता आणि शुगर तर (शेत भावकीत वाटलं गेलं, ती मात्र आपल्या दोघांना सारखी आली) तुला ठाऊकच आहे, म्हणून त्याला विचारलं. तर म्हणतं, "आपली काळजी मी समजू शकते. शक्य असल्यास कृपया आजच डॉक्टरांना पाय दाखवावा." आता तूच सांग, आपल्याशी 'आपली' आणि 'कृपया' करून कोण बोलतं? मतं मागणारा, नाहीतर बियाणं खपवणारा. (जुने राधाकृष्ण डॉक्टर आठव. "मरायचंय का रे गाढवा?" म्हणायचे आणि निम्मा आजार तिथंच उतरायचा.) मी म्हटलं, एवढ्या अदबीनं सांगतंय म्हणजे घाईचं काही नसणार. हळद दाबली आणि उसाला पाणी धरायला गेलो.

बोट काळं पडलं तेव्हा मोनिकानं यंत्राला सांगितलं, "ह्यांच्याशी गावाकडचं बोल, झापून बोल." मग ते म्हणालं, "आबा, येड्यावानी करू नका. पाय सडाय लागलाय. उठा अन् दवाखाना गाठा." मी मुकाट गाडीत बसलो. सल्ला पहिल्या दिवशीचाच होता गं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई फार गोड बोलल्या, तेव्हाच ओळखलं. करंगळी गेली.

बाकी सगळे खुशाल. दाजींना नमस्कार.

तुझा,
सूर्यभान

ता. क. : तुझ्या टाचेतून पू येतोय आणि तू त्यात राख भरतेस, असं तुझा हर्षल म्हणाला. शिंगणापुरात घरांना दारं नसतील, तुझ्या कानांना आहेत. झापलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे हसत लिहिलं. आजच त्याच्या गाडीवर बस.

आणखी ता. क. : वर करंगळी लिहिलं, ते तू भिऊन अर्ध्यात पत्र ठेवू नयेस म्हणून. पाय घोट्यापासून काढलाय. दवाखान्यात पोचलीस की फोन कर. मी कुठं जात नाही.