पदरात घेतलेलं

११ नोव्हेंबर १९९१, सोमवार

आले एकदाची! जळगावहून अमळनेरपर्यंत रेल्वेत एका म्हातारीच्या कोंबडीशी मांडीला मांडी लावून, आणि पुढे शिंदखेड्याच्या एसटीत उभ्याने. कंडक्टरने ऐन कपाशीच्या रानात उतरवलं तेव्हा वाटलं, फसवलं मेल्याने. पण रस्त्यापलीकडेच फाटक होतं आणि फाटकात शाळा चालवणारे लीलाधर सर स्वतः उभे.

शाळा म्हणजे कापसाची बंद पडलेली जिनिंग. यंत्रं कधीच भंगारात गेली. मोठ्या शेडमध्ये वर्ग भरतो, मागच्या खोल्यांत मुलं राहतात, पुढच्या खोलीत मी. चहूबाजूंनी उंच भिंत आणि एकच फाटक. मुलं सगळी अशी, की ज्यांच्यापुढे गावच्या शाळांनी हात टेकले. कुणी बोलत नाही, कुणी चावतं, कुणी दिवसभर रडतं. सरांचं म्हणणं, या मुलांना उपचार एका गावी आणि शाळा दुसऱ्या गावी, असं चालत नाही. दोन्ही एकाच ताटात वाढायला हवं. मला हे फार पटलं. डी.एड.नंतर पुण्याला जाऊन बालमानसशास्त्राचा कोर्स केला, तो आता कामी येईल. माझा भाऊ गिरधर म्हणत होता, वेड्यांच्या शाळेत कशाला जातेस. बघच म्हणावं.

स्वयंपाक पुष्पाबाई करतात. चाळिशीच्या असतील. त्यांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी. मी लाज सोडून जेवले. या बाई झोपतात मात्र भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. आडवं होत नाहीत म्हणे कधी. असते एकेकाची तऱ्हा!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पाढे आणि वाचन. दुपारी ‘मोकळं व्हायचा तास’. मुलं गोल बसतात, मध्ये सूप ठेवलेलं. कोपऱ्यात जिनिंगच्या वेळची सरकी, म्हणजे कापसाचं बी, ढिगाने पडून आहे, त्यातली मूठभर प्रत्येकाने घ्यायची, ज्याची भीती वाटते ते मनात आणायचं आणि मूठ सुपात रिकामी करायची. संध्याकाळी पुष्पाबाई ते सूप चुलीत ओततात. हातात काहीतरी असलं की मनातलं बाहेर यायला वाट मिळते, असं सर म्हणतात. मुलं सुधारतात, पण मुंगीच्या पावलांनी.

सरांचा एक कडक नियम आहे. मूठ सुपातच रिकामी व्हायला हवी, मुलाच्या हातून आपण घ्यायचं नाही. का, म्हणून विचारलं तर चष्मा पुसत बसले. मला तर हे जरा कोरडंच वाटलं.

तिघांनी मला लळा लावलाय. पुन्याला सावत्र बाप कडब्याच्या खोलीत कोंडायचा. दार लागलं की तो किंचाळतो. मगनला कुणीतरी धुळ्याच्या स्टँडवर बसवून निघून गेलं. तो फाटकाजवळ फिरकत नाही, आपण बाहेर पडलो की मागचं सगळं नाहीसं होतं म्हणतो. आणि रुपली. सातपुड्याच्या पायथ्याची, मोठ्या डोळ्यांची. दोन वर्षांत शब्द नाही. का, ते कुणालाच माहीत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज नियम मोडला. मुद्दाम नाही. पुन्या सुपाकडे गेलाच नाही, थेट माझ्यापुढे आला आणि मूठ धरली. आमच्याकडे लेकरू काही देऊ लागलं तर बाईमाणूस पदर पसरतं. विचार करून थोडंच करतो आपण ते? सरकी पदरात पडली. पुन्याने मोठा श्वास सोडला.

सरांचा चेहरा पांढराफटक. पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्याशा सरकीचं केवढं ते!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्या रात्रभर दार लावून झोपला! सकाळी त्याला हलवून उठवावं लागलं. मी शेडभर नाचायचीच बाकी होते. सर नुसते बघत राहिले, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

मला मात्र गुदमरल्यासारखं झालं रात्री. दार उघडंच टाकलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

खोलीत बसवत नाही. दार उघडं असलं तरी नाही. आता ओसरीवर झोपते.

कडब्याचा वास येतो. इथे एक जनावर नाही, तरी येतो. आणि दाराबाहेर कुणीतरी खोकतं, मग हसतं. त्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण तो खोकला मला पाठ आहे. कडी लावताना तो असाच खोकतो. मला भीती वाटते, सरळ लिहिते, फार भीती वाटते.

आज दुपारी सर मगनला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले. स्वतः. त्याच्या मुठीत सरकी होती. मी पदर कमरेला खोचून टाकला. मगन रडायला लागला, ताई, पुन्याचं घेतलं, माझं का नाही? 

घेतलं. काय करणार? ते पोर तसंच उभं राहिलं असतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

मगन घरी गेला, सरांनी पत्ता काढलेल्या मामाकडे. त्याचा मामा पहिल्यांदा माझ्या पाया पडला, मग सरांच्या. पोरगं फाटकाबाहेर उड्या मारत होतं. मी निरोप द्यायला गेले आणि फाटकातच थांबले.

पाय उचलला तशी मागे शाळा गप्प झाली. पाखरं नाहीत, मुलं नाहीत, पंपाचा आवाज नाही. वळून पाहिलं तर सगळं जागेवर. पुन्हा पाय उचलला. पुन्हा तेच. मी बाहेर पडले तर ही सगळी जातील, आणि तिकडे घरी, पहूरला, आईसुद्धा. खुळेपणा आहे हे मला कळतं. पण पाय उचलत नाही.

चुलीपाशी जाऊन रडले. तेव्हा पुष्पाबाई बोलल्या.

“पदरमा लेवानं नही, माय. लिधं का ते आपलं व्हई जास. चूलमा टाक, नदीमा टाक, जात नही. दुसरानी पदरमा लिधं तवयच सुटस.”

माझ्याआधी इथे सुगंधाबाई शिकवायच्या, पुष्पाबाईंची थोरली बहीण. त्यांनी एका मुलीचं पदरात घेतलं होतं; त्या मुलीची आई झोपली ती उठलीच नव्हती. सुगंधाबाईंनी वर्षभर पाठ टेकली नाही. मग पुष्पाबाई त्यांना न्यायला आल्या, त्यांनी पदर पसरून बहिणीच्या मुठीतलं घेतलं. सुगंधाबाई हसत घरी गेल्या. पुष्पाबाई राहिल्या, पाठ न टेकता. सरांचा नियम तेव्हापासूनचा.

मी विचारलं, मग तुम्ही कुणाला का नाही दिलंत?

“कोनले देऊ?” म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

५ डिसेंबर, गुरुवार

सरांशी भांडले. नियम तुमचा, आणि मगनला आणलंत तुम्हीच! सर म्हणाले, बारा वर्षं खपलो, ताई, तेव्हा चार मुलं बरी झाली. तुम्ही पंधरवड्यात दोन घरी पाठवण्याजोगी केलीत. एका माणसाचं दुःख आणि इतक्या लेकरांचं, तुम्हीच तोला.

घरी जायचंय म्हटलं. तर म्हणाले, फाटक उघडंच आहे, तुम्हाला कुणी अडवलंय?

उघडंच आहे. रोज बघते. आत खोलीत जाता येत नाही, बाहेर रस्त्यावर जाता येत नाही. ओसरी आणि अंगण, एवढंच उरलंय मला.

मी कुणाला देणार नाही. पुष्पाबाईंना जमलं, मलाही जमेल.

९ डिसेंबर, सोमवार

दुपारी ओसरीवर डोळा लागला. जाग आली तर पदर जड. रुपली शेजारी उकिडवी बसलेली, हात झटकत.

ती म्हणाली, “ताई.”

केवढा गोड आवाज पोरीचा! शाब्बास म्हणायला मी तोंड उघडलं –

नाही.

१० डिसेंबर

आता कळलं रुपली का बोलत नव्हती. आवाज काढला की त्याला ऐकू जातं. मग ते जवळ येतं. काल ते भिंतीपलीकडे होतं. मी झोपेत कण्हले असेन. आज अंगणात –

लिहिलेलं ऐकू जात नाही. म्हणून लिहिते.

रुपली दिवसभर गाणी म्हणते. सर टाळ्या वाजवतात.

बहुतेक शुक्रवार

मुलं रांगेत उभी आहेत. प्रत्येकाची मूठ मिटलेली. सर म्हणतात, घाई नको, ताईंना जरा बरं वाटू दे.

पदर फाडून टाकला. सरांनी नवं लुगडं आणलं.

खोकला. अंगणात ते. फाटक उघडं –

तारीख माहीत नाही

आई आली.

पुष्पाबाईंनी कंडक्टरकरवी निरोप धाडला असणार. गिरधर कापूस वेचणीत अडकला, म्हणून एकटीच आली. ओसरीवर माझ्यासमोर बसली आहे. माझ्या केसांतून हात फिरवते. “काय झालं माय तुले? बोल ना.”

बोलले तर ते येईल. आई इथे आहे. बोलायचं नाही.

माझ्या डाव्या मुठीत सरकी आहे. कधी उचलली, आठवत नाही.

पुष्पाबाई कुठे आहेत? त्या सांगतील. मागच्या खोलीचं दार आतून वाजतंय. त्यांना बाहेरून कडी कुणी लावली?

मोठ्या अक्षरांत लिहिलं: पदर पसरू नकोस. घरी जा.

आईला वाचता येत नाही. तिने वही सरांना दिली.

सरांनी वाचलं. इतकंसं होतं, पण फार वेळ वाचलं. मग आईला म्हणाले, ती म्हणतेय, आई, माझ्या हातातलं एवढं घे.

वही पुन्हा माझ्या मांडीवर. मी मान हलवते आहे. नाही. नाही. आई हसते. हो गं बाई, घेते ना, म्हणते.

पदर पसरलाय तिने. “दे माय. मले दे.”

देणार नाही. आई, मी देणार नाही. मूठ घट्ट – पण किती मोकळं वाटेल – एसटीची खिडकी – घरात दार लावून –

नाही –

आई माझी बोटं सोडवते आहे. लहानपणी माती काढायची तशी, हळू, एकेक – मी सोडवू देते आहे, मी का सोडवू दे –