बुडबुड्यांचं घराणं

अण्णा,

तुम्ही जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाहीत, आणि मी गेली सात वर्षं दारूच्या कारखान्यात नोकरी केली. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मी द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे, आणि तिने अख्ख्या मिरजेत सांगून टाकलंय की पोरगा न्यूझीलंडला रसाचा मोठा इंजिनियर झालाय. रस तर खराच होता. त्या रसाचं पुढे काय होतं ते तिने विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही. तुम्ही असतात तर पहिल्याच फोनला पकडलं असतंत. त्या कारखान्याला गेल्या आठवड्यात कुलूप लागलं, म्हणून लिहायला बसलोय. एरवी तुम्हाला पत्र लिहायची माझी छाती झाली नसती.

२०१२ साली आम्ही दोघं नवराबायको ख्राइस्टचर्चला आलो तेव्हा भूकंपाने शहराचा मधला भाग पार झोपलेला होता. शहराच्या हॉर्नबी भागात भाड्याचं घर घेतलं, आणि तिथेच पॅकिंगची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागलो. एकदा साहेबाने मला उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर, चुनखडीच्या टेकड्यांमधल्या एका वायनरीत पाठवलं. बाटल्या भरायचं मशीन अडलं होतं. ते संध्याकाळपर्यंत चालू झालं. मालक सत्तरीला टेकलेला, उंच, थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडणारा माणूस. दिवसभर माझ्याशेजारी गप्प उभा राहिला आणि आठवड्याने फोन करून म्हणाला, आमच्याकडेच ये. इथे साहेबाला साहेब म्हटलं तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं, म्हणून तोंडाने मी त्यांना नावाने हाक मारायचो. मनात मात्र ते मालकच होते, आणि इथेही तसंच लिहितो.

त्यांच्या घराण्याची गोष्ट ऐका, तुम्हाला आवडेल. मालकांच्या वडिलांची मेंढरं होती. लोकरीचे भाव पडले तेव्हा ज्या उतारावर गवतसुद्धा धड उगवायचं नाही, तिथे त्या म्हाताऱ्याने द्राक्षाच्या काड्या लावल्या. शेजारपाजारचे हसले. मालक तेव्हा तरुण होते. ते फ्रान्सला गेले, दोन हंगाम लोकांच्या तळघरांत बाटल्या फिरवल्या, आणि शॅम्पेन करायला शिकून परत आले. म्हणजे करायची शॅम्पेनच, पण म्हणायचं नाही. ते नाव फ्रान्समधल्या त्या मुलखाचं, दुसऱ्या कुणी लेबलवर छापलं तर कोर्टात खेचतात. पहिल्या वर्षीच्या निम्म्या बाटल्या लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये फुटून गेल्या. दुसऱ्या वर्षीच्या टिकल्या. मालकीणबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लेबलं चिकटवायच्या आणि त्यांची एकुलती एक मुलगी त्याच टेबलाखाली रांगायची. मालकीणबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर मात्र डिंकाचे डाग तसेच होते, आणि आम्ही त्यावरच चहा प्यायचो.

काम कसं, तर आधी साधी वाईन करायची. मग ती यीस्ट आणि साखर घालून बाटलीत भरायची, बूच ठोकायचं, आणि बाटल्या आडव्या रचून तीन वर्षं विसरून जायचं. गॅस आतल्या आत तयार होतो. सिलेंडर नाही, काही नाही! पण यीस्ट मरून त्याचा गाळ साठतो. तो काढायला भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांमध्ये बाटल्या मान खाली करून खोचायच्या आणि रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची, म्हणजे गाळ सरकत सरकत तोंडाशी येतो. मोठ्या कंपन्यांत हे यंत्र करतं. इथे मालक आणि त्यांची मुलगी हातांनी करायचे, दोन्ही हातांत एकेक बाटली, खळ्‌खळ्‌खळ्‌, रांगेच्या टोकापर्यंत. शेवटी मान गोठवून बूच काढलं की गाळाचा बर्फ उडून जातो. जेवढी जागा रिकामी होते तेवढी गोडसर वाईन वर घालायची, आणि ती किती गोड ते फक्त घरातल्या माणसाने ठरवायचं. त्या दिवशी आम्हा नोकरांना बाहेर काढायचे. राग यायचा नाही. मला आपलंच घर, आपला गोटी सोड्याचा धंदा आठवायचा, लेमनमध्ये काय काय घालता ते तुम्ही आईलासुद्धा सांगितलं नव्हतंत.

आपल्या बाटल्यासुद्धा उलट्याच भरायच्या, नाही का? उलटी केली की गोटी तोंडाशी येऊन बसते आणि आतल्या दाबाने घट्ट होते. आजोबांनी लिलावात घेतलेलं ते मशीन, त्याचं ते मोठं चाक, स्टेशनवर जाणारी लाकडी खोकी, उरुसाच्या दिवसांत अंगणात लागलेल्या बाटल्यांच्या रांगा. काकांचा डोळा फुटलेल्या बाटलीने गेला, मी जन्मायच्या आधी. म्हणून तुम्ही तोंडाला तारेच्या जाळीचा मुखवटा बांधायचात, हातांना गोणपाट गुंडाळायचात, आणि मला उंबऱ्याच्या आत यायला बंदी. मी बाहेर उभा. मे महिन्याची सुट्टी आहे, तुम्ही पाणी प्यायला घरात गेलात, आणि मी पटकन जाऊन त्या चाकाची मूठ धरतो. नुसती धरतो हो, फिरवत नाही. तुम्ही मागून येता आणि अशी एक ठेवून देता की कान बधिर होतो. तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. वर म्हणालात, "काचेचा धंदा आहे हा. माझ्याबरोबर संपू दे." 

आणि तुम्ही खरंच संपवलात. थंड पेयांच्या कंपन्यांच्या पेट्या गल्लीत आल्या होत्या, पण आपला धंदा अगदीच काही झोपला नव्हता. माझं इंजिनियरिंगला नाव लागलं आणि त्याच आठवड्यात तुम्ही मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलंत. त्या पैशांतून मला ड्रॉइंगचा ड्राफ्टर घेतलात, चांगल्यातला, वर्गात तसा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सगळे म्हणाले, बाप असावा तर असा. मीही म्हणालो. मी पुण्याला पहिल्या नोकरीत लागलो त्या वर्षी तुम्ही गेलात, आणि मेलेल्या बापाबद्दल आपल्यात कुणी वावगं बोलत नाही. मीही नाही बोललो, बायकोजवळसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट. मालकांच्या मुलीला तो घराण्याचा धंदा हवा होता. ती वेलिंग्टनला चांगल्या नोकरीत होती, पण प्रत्येक हंगामाला रजा काढून यायची आणि पहाटेपासून बाटल्या फिरवायची. मालक तिला देणार नव्हते. एक मोठी कंपनी विकत घ्यायला तयार होती, कागद टेबलावर येऊन पडले होते. दंव गोठायला लागलं की हेलिकॉप्टर भाड्याने आणून मळ्यावरची हवा ढवळायची, पाऊस आला की रडायचं, तीन वर्षं थांबायचं आणि मग कळायचं की चुकलं. असलं आयुष्य पोरीला द्यायचं नाही, असं त्यांचं ठाम मत. त्याच दिवसांत एकदा मी रांगेतून जाताना एक बाटली फुटली. मी काही विचार न करता मान वळवली आणि कोपर डोळ्यांवर आणलं. मालकांनी ते पाहिलं आणि विचारलं, हे कुठे शिकलास? मी कुठे शिकणार? उंबऱ्याबाहेरून तुम्हाला बघून. मग त्यांना तुमची सगळी गोष्ट सांगितली, मुखवटा, मशीन, ड्राफ्टर, सगळी. ते खूश झाले. चार दिवसांनी स्मोकोला, म्हणजे इथल्या चहाच्या सुट्टीला, आम्ही दोघंच टेबलाशी होतो तेव्हा तोच विषय काढून म्हणाले, "तुझ्या वडिलांनी बरोबर केलं. मीही तेच करतोय. हो ना?"

त्यांना फक्त हो हवं होतं. आणि माझी मान हलायलाच निघाली होती, अण्णा, शप्पथ. नोकरी त्यांची, विषय त्यांच्या घरातला, आणि बाप माझा. पण तोंडातून निघालं, "ही वॉज राँग. आय वॉन्टेड इट." बस्स, तेवढंच.   बाहेरच्या माणसापुढे मी तुम्हाला चुकीचं ठरवलं होतं, आणि तेही इंग्रजीत, जी भाषा तुम्हाला येत नव्हती. मालक उठले, कप धुतला आणि निघून गेले. महिन्याभराने कंपनीचे कागद परत गेले आणि मुलगी वेलिंग्टनचं घर सोडून कायमची आली.

पुढची वर्षं तिची. मालक बाजूला बसून बघायचे आणि मधेच तोंड घालायचे. ती ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची. पोरगी कष्टाळू, तोंडाळ, हसरी. आमच्या लेकीशी ती बोलायची तेव्हा लेक माझ्याकडे बघून म्हणायची, "बाबा, शी इज हीप्स ऑफ फन," म्हणजे भारीच मजेशीर. मग पुन्हा एक मोठा भूकंप झाला. आम्ही सकाळी पोहोचलो तर शेडच्या दारातून वाईन वाहत बाहेर आलेली, आणि आत रचलेल्या थप्प्यांच्या जागी काचांचा ढीग. हा धंदा असा चमत्कारिक की त्या दिवशीचं नुकसान त्या दिवशी कळतच नाही. विकायला जुना माल होता. जो गेला तो तीन वर्षांनी विकायचा होता. मालक पुढच्याच हिवाळ्यात वारले, सगळं सावरेल अशा समजुतीत. सावरलं नाही. तिने काही निर्णय चुकवले, नवीन वेली नको तिथे लावल्या, मदत मागायला उशीर केला. यंदा त्याच मोठ्या कंपनीने मळा घेतला. त्यांना मळा हवा होता. शेड, फळ्या आणि आम्ही माणसं नको होतो.

या सगळ्या काळात मला रात्रंदिवस एकच खात होतं, की हे माझ्यामुळे झालं. मी मुकाट्याने ‘हो’ म्हटलं असतं तर ती आज वेलिंग्टनला आरामात असती. तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला परक्याच्या टेबलावर खोटं पाडलं, त्याचं फळ कुणा तिसऱ्याच्या पोरीच्या पदरात पडलं, असं वाटायचं. शेवटच्या दिवशी मालकांची मुलगी आणि मी रिकाम्या फळ्या पुसून एकावर एक ठेवत होतो. मला राहवलं नाही. मी तिला तो स्मोकोचा प्रसंग सांगितला आणि माफी मागितली. ती फडकं हातात धरून मोठ्याने हसली.

"तुझ्या बोलण्याने बाबांनी मला हे दिलं असं तुला वाटतं? मी पंधरा वर्षांची असल्यापासून दर हंगामाला त्यांच्याकडे हे मागत होते. ते नाही म्हणायचे, मी परत मागायचे. त्या वर्षी नाही म्हणायला ते थकले होते, एवढंच."

मी विचारलं, आता वाईट नाही वाटत? ती म्हणाली, वाटतं की, खूप वाटतं, पण बुडवलं ते मी बुडवलं, दुसऱ्या कुणी माझ्या वतीने नाही. एवढं बोलून तिने पुढची फळी ओढली. तिने नंतर एक बाटली उघडली आणि मला ग्लास दिला. मी घेतला. आंबट लागली, अण्णा, मला काही कळत नाही त्यातलं.

घरी येताना गाडीत मी तिचंच बोलणं घोळवत होतो. तुमच्यावर मी इतकी वर्षं मनात धुमसत राहिलो, तुम्ही माझं हक्काचं काढून भंगारात घातलंत म्हणून. आणि हॉर्नबीच्या सिग्नलला उभा असताना माझ्या ध्यानात आलं की मी तुमच्याकडे ते कधी मागितलंच नाही. ती थप्पड खाल्ल्यावर नाही, कॉलेजला नाव लागल्यावर नाही. मशीन हातगाडीवर चढवलं त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत जरा थांबला होतात. मी खाली बसून सायकलच्या चाकात हवा आहे का ते दाबून बघत होतो. हवा होती. तरी दाबत राहिलो, म्हणजे वर बघायला नको.

हे पत्र कुठे टाकणार, आणि आईला तर वाचून दाखवता येणार नाही. बायकोने विचारलं काय लिहितोस, तर म्हटलं, नवीन नोकरीचा अर्ज. मी मागितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात, तुम्हाला मी ओळखतो. पण मशीन गाडीवर चढवताना तुम्हाला एवढं तरी माहीत असतं की ते घरात कुणाला तरी हवं होतं.